माका नक्की कोणता? (पांढऱ्या फुलांचा, पिवळ्या फुलांचा की भाजीवाली देईल तो?)

गॅलरीतली (९ सप्टेंबर, सकाळी ११:१२)

नमस्कार मंडळी. प्रश्न एवढासा आहे, पण गेले बारा-तेरा दिवस त्यावरून आमच्या घरात अबोला चालू आहे, म्हणून इथे आले.

गणपतीला मंडईतून पत्रीचा वाटा आणला. त्यात माका म्हणून जी काडी होती ती सासूबाईंनी दोन बोटांत धरली, उलटसुलट केली आणि "हा माका नव्हे" म्हणून बाजूला ठेवली. मग कोणता, ते सांगेनात. "तुम्हाला कळायचं नाही" एवढंच. (त्या जुन्नरकडच्या. मी जन्माची दादरकर. विषय संपला.)

आता पितृपक्ष सुरू झाला. सासऱ्यांचं श्राद्ध एकादशीला आहे आणि गुरुजींच्या यादीत दर्भ, तीळ, जव यांच्या खाली पुन्हा माका आहेच. मी ठरवलं की या खेपेला खरा माका आणून दाखवायचा. सोसायटीत शोधलं तर तीन उमेदवार सापडले:

१. कुंपणाच्या कडेने गालिच्यासारखा पसरलेला, चकचकीत पानांचा, पिवळ्याधमक फुलांचा. माळीदादा शपथेवर सांगतात की हाच भृंगराज, म्हणजे माका.

२. पार्किंगच्या फरशांच्या फटीत उगवलेला. वीतभर लांब दांड्यावर एकच फूल, मध्ये पिवळं, कडेला चार-पाच पांढरट पाकळ्या.

३. पाण्याच्या टाकीच्या ओव्हरफ्लोच्या पाइपाखाली, चिखलात. फुलं इतकी बारीक की चष्मा लावावा लागला. शर्टाच्या बटणाहूनही लहान आणि सगळी पांढरी.

यातला कोणता? की तिन्ही नाहीत? फोटो चढत नाहीयेत, वर्णनावर भागवा.

विदूषक (९ सप्टेंबर, ११:२०)

४. मेडिकलमधल्या हिरव्या बाटलीतला. दोनशे वीस रुपये. श्राद्धालाही चालेल, पितरांचे केस गळत नाहीत.

शेताडी (९ सप्टेंबर, दुपारी १:०५)

तिसरा. डोळे झाकून तिसरा.

आमच्या वेल्ह्याकडं भाताच्या खाचरात, बांधाच्या पोटाला, चारीच्या कडंला हेच असतं. भात बेणताना (तण काढताना) मूठ-मूठ निघतो आणि बोटं काळी होतात, दोन दिवस जात नाही. ज्यानं भात बेणलाय त्याला माका पुस्तकात बघावा लागत नाही. तुमच्या सासूबाई बरोबर आहेत, सांगून कळत नाही.

ऋतुगंधा (९ सप्टेंबर, १:४०)

मला वाटतं पहिला. आमच्याकडे रस्त्याच्या दुभाजकावर महापालिकेने हाच लावलाय आणि सगळे त्याला पिवळा भृंगराज म्हणतात. मी त्याची पानं वाटून तेलही केलंय. छान वास येतो.

बोअर बॉटनी (९ सप्टेंबर, रात्री ९:५०)

कॉलेजात तीस वर्षं हेच शिकवून निवृत्त झालोय, त्यामुळे पोस्ट लांबणार. ज्यांना घाई आहे त्यांनी शेताडींचं उत्तर घ्यावं, ते बरोबर आहे.

पहिला म्हणजे वेडेलिया. वनस्पतीशास्त्रात स्फॅग्नेटिकोला ट्रायलोबाटा. हा पाहुणा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला. शोभेसाठी आणला आणि आता जगातल्या शंभर सर्वांत त्रासदायक घुसखोर जातींच्या यादीत जाऊन बसलाय. याचा सख्खा चुलतभाऊ स्फॅग्नेटिकोला कॅलेंड्युलेसिया मात्र आपल्या आशियातला, आणि खरा 'पिवळा भृंगराज' तो. ऋतुगंधा, दुभाजकावरचा तो नव्हे. नावाचा घोळ इथूनच सुरू होतो.

दुसरी एकदांडी, म्हणजेच कंबरमोडी किंवा दगडी पाला. ट्रायडॅक्स. लहानपणी गुडघा फुटल्यावर जिचा पाला चोळून लावायचो ती. हीसुद्धा अमेरिकेतून आलेली. फुलाचा तो लांब दांडा हीच तिची ओळख, नावच त्यावरून पडलंय.

तिसरा माका. एक्लिप्टा प्रोस्ट्राटा. जुन्या पुस्तकांत एक्लिप्टा आल्बा लिहिलेलं असेल, झाड तेच.

तिघंही सूर्यफुलाच्या कुळातले, म्हणून तोंडवळा सारखा. या कुळाची गंमत अशी की आपण ज्याला एक फूल म्हणतो तो फुलांचा गुच्छ असतो, शास्त्रात त्याला स्तबक म्हणतात. माक्याचं स्तबक जेमतेम सहा ते दहा मिलिमीटर. भिंगाखाली धरलं की कडेला दोन ओळींत पांढऱ्या दोऱ्याच्या तुकड्यांसारखी किरण-पुष्पकं दिसतात, ती फक्त मादी. मधल्या चकतीत नळीसारखी बिंब-पुष्पकं, ती द्विलिंगी, आणि त्यांच्या तोंडाला चार पाकळ्या. चार लक्षात ठेवा, कारण या कुळात नळीला बहुधा पाच असतात. आमच्या तोंडी परीक्षेत याच चारावर पोरं गळायची.

पानं समोरासमोर, भाल्याच्या पात्यासारखी, देठ जवळजवळ नाहीच. हात फिरवला तर खरखरीत लागतात, कारण दोन्ही बाजूंनी पांढरे राठ केस पृष्ठभागाला चिकटून बसलेले असतात. खोड पुष्कळदा लालसर-जांभळट, आणि जमिनीला टेकलं की पेरांतून मुळं फुटतात.

आता खात्रीची खूण. खोड मोडा आणि थांबा. मोडलेल्या जागी रस हवा लागून थोड्या वेळात काळपट होतो. पान चुरगळलं तरी तेच. शेताडींच्या बोटांना लागतं ते हे.

विदूषक (९ सप्टेंबर, १०:०२)

सर, हजेरी घेतलीत का?

चिंगी (९ सप्टेंबर, १०:१५)

सर, पण माक्याच्या बियांना म्हातारीसारखी छत्री असते ना? आम्ही शाळेच्या मैदानावर फुंकर मारून उडवायचो, चांगलं आठवतंय.

बोअर बॉटनी (९ सप्टेंबर, १०:३१)

ती एकदांडी, चिंगी. तिच्या प्रत्येक बीला पिसासारख्या केसांचा झुबका असतो.

माक्याला तो नाही. असलंच तर फळाच्या माथ्यावर दोन-चार नखाएवढेही नसलेले दाते. आणि हीच उणीव त्याच्या नावात आहे. लिनियसने १७५३ साली हे झाड व्हर्बेसिना या वेगळ्याच प्रजातीत (म्हणजे जीनसमध्ये) घातलं होतं, १७७१ साली त्याच्यासाठी एक्लिप्टा ही प्रजाती केली. मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ 'कमी पडणं, उणं असणं'. इक्लिप्स, म्हणजे ग्रहण, तेही त्याच धातूतून आलेलं.

चिंगी (९ सप्टेंबर, १०:३५)

म्हणजे माझं सगळं बालपणच खोटं. 😭

विदूषक (९ सप्टेंबर, १०:३८)

ग्रहण लागलेलं झाड पितृपक्षात! गुरुजींना सांगू नका, दक्षिणा वाढवतील.

घाटपांडे काकू (१० सप्टेंबर, सकाळी ७:२०)

गुरुजींना सगळं ठाऊक असतं हो. एकवीस पत्रींत माका दुसऱ्याच क्रमांकाला आहे. सुमुखाय नमः म्हणून मालती, गणाधिपाय नमः म्हणून भृंगराज. पहिल्या दोनांतच गाडी अडते, कारण मालती कुणाला माहीत नसते आणि माका कुणी ओळखत नाही. दूर्वा आल्या की सगळ्यांना हायसं वाटतं.

मंडईत वाट्यात माका म्हणून जे येतं ते अर्ध्या वेळा एकदांडीच असतं. त्या बायांचा दोष नाही. पहाटे चारला उठून डोंगरउतारावर जे हाताला लागेल ते खुडून आणतात, आणि माका डोंगरउतारावर नाहीच, तो पाणथळीत.

शेताडी (१० सप्टेंबर, ७:४४)

काकू, लाख बोललात. पाणी मुरतं तिथं माका. आमचे आजोबा म्हणायचे, माका दिसला की खाली ओल आहे समज.

टकलूहैवान (१० सप्टेंबर, १०:१०)

मुद्द्यावर या. केस येतात का?

डॉ. नको ते विचारू (१० सप्टेंबर, दुपारी २:३०)

उंदरांना येतात. पाठीवरचे केस काढून अर्क लावला तर लवकर उगवले, असे प्रयोग झालेत. माणसाच्या टकलावर तसा भक्कम पुरावा नाही. तेल लावून मालिश केल्याने बरं वाटतं, झोप येते, बायको खूश होते. बाकी तुमच्या आजोबांचा फोटो बघा, उत्तर त्यात आहे.

टकलूहैवान (१० सप्टेंबर, २:३४)

आजोबांचा फोटो टोपी घातलेला आहे.

वैद्य बडबडे (१० सप्टेंबर, संध्याकाळी ६:१५)

डॉक्टरसाहेबांशी वाद नाही, पण माक्याचं काम केसांपुरतं नाही. ग्रंथांत त्याला केशराज म्हणतात तसंच मार्कवही म्हणतात. या मार्कवचंच मराठीत माका झालं. यकृताच्या विकारांत त्याची योजना जुनी आहे, आणि त्यातल्या वेडेलोलॅक्टोन या द्रव्यावर यकृताच्या दृष्टीनेच पुष्कळ काम झालंय.

ऋतुगंधा, तुमच्यासाठी गंमत: या वेडेलोलॅक्टोनचं नाव 'वेडेलिया'वरून आहे. देशी पिवळ्या भृंगराजालाही पूर्वी वेडेलियाच म्हणत, आणि हे द्रव्य त्याच्यात आणि पांढऱ्या माक्यात, दोघांतही सापडतं. म्हणजे जुन्या वैद्यांनी दोन वेगळ्या रंगांच्या फुलांना एकाच नावाखाली ठेवलं ते अगदीच हवेत नव्हतं. राजनिघंटू या जुन्या वनौषधी-कोशात तर तीन भृंगराज आहेत: पांढरा, पिवळा आणि निळा.

विदूषक (१० सप्टेंबर, ६:२१)

निळा माका कुठे मिळेल? मित्राला हवाय.

ऋतुगंधा (१० सप्टेंबर, ६:४०)

बघा, म्हणजे मी अगदीच चुकले नव्हते.

बोअर बॉटनी (१० सप्टेंबर, ७:०५)

तुम्ही तेल दुभाजकावरच्या शोभेच्या झाडाचं केलंत, ऋतुगंधा. त्यावर महापालिकेच्या टँकरचं पाणी आणि हजार गाड्यांचा धूर. वास येणारच.

माइलापूरचा मराठा (१० सप्टेंबर, रात्री ११:१०)

इथे चेन्नईत याची जुडी भाजीबाजारात मिळते, पालेभाजी म्हणून. करिसलांकण्णी. पांढरी आणि पिवळी दोन्ही, आणि बायका नाव घेऊन मागतात. डाळीत घालतात, परततात. चव थोडी कडवट, आपल्या तांदुळजाच्या वळणाची, पण पान राठ असल्याने कोवळंच घ्यायचं.

शिवाय काजळ. फडकं माक्याच्या रसात भिजवून वाळवायचं, पुन्हा भिजवायचं, पुन्हा वाळवायचं, मग त्याची वात करून एरंडेलाचा किंवा तुपाचा दिवा लावायचा आणि वर धरलेल्या भांड्यावरची काजळी खरवडायची. माझ्या बायकोच्या आजी करतात.

इथे कुणाला 'माका ओळखत नाही' म्हटलं तर हसतील. रोज जे ताटात असतं ते विसरायला होत नाही, वर्षातून दोनदा ताम्हनात येतं ते विसरतो आपण.

घाटपांडे काकू (११ सप्टेंबर, ७:०५)

ताम्हनावर बोलू नका. ताम्हनात आहे म्हणून निदान यादीत तरी राहिला, आणि या बाईला शोधावासा तरी वाटला.

माइलापूरचा मराठा (११ सप्टेंबर, ७:५०)

मान्य काकू. 🙏

अटलांटाची मावशी (११ सप्टेंबर, ८:३०)

धागा वाचून हसू येतंय. आमच्याकडे हा फुकट आणि नको तितका. जॉर्जियात भुईमुगाच्या शेतकऱ्यांचा हा शत्रू. आणि रोपवाटिकांत तर विचारू नका: हजारो कुंड्या, वरून रोज पाण्याचे फवारे, म्हणजे माक्याला माहेरच. इथल्या नावाचा अर्थ 'खोटी डेझी'.

नर्सरीतून आणलेल्या गुलाबाच्या कुंडीत पहिल्यांदा दिसला तेव्हा मी चक्क तिथे बसून खोड मोडलं. आजीने शिकवलं होतं. काळं झालं आणि डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. आमच्या गणपतीला केवडा नसतो, शमी नसते, बेल गोठवलेला असतो, पण माका ताजा. (नर्सरीतला लगेच वापरू नका, तणनाशक मारलेलं असू शकतं. मी एक रोप घरी लावून त्याच्या पुढच्या पिढीचा घेते.)

बोअर बॉटनी (११ सप्टेंबर, ९:१५)

मावशी, तो तिथे परका नसावा. मोठ्या वनस्पती-सूच्यांमध्ये माक्याचं मूळ घर अमेरिका दिलेलं आढळतं, आणि आशिया-आफ्रिकेत तो नंतर पसरला असं.

वैद्य बडबडे (११ सप्टेंबर, ९:२०)

काय सांगता! भृंगराज वाग्भटाकडे, म्हणजे आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथकाराकडे आहे. कोलंबसाच्या आजोबांच्या आजोबांचाही तेव्हा पत्ता नव्हता.

बोअर बॉटनी (११ सप्टेंबर, ९:४८)

नाव आहे, वैद्यबुवा. झाड तेच होतं का, हा प्रश्न. तुम्हीच वर म्हणालात की पिवळ्यालाही भृंगराज म्हणत, आणि पिवळा आशियातलाच. समजा जुना भृंगराज पिवळा असेल आणि पांढरा मागून येऊन त्याच्या गादीवर बसला असेल तर? मी तसं झालंच असं म्हणत नाही. पण 'ग्रंथात आहे म्हणजे इथलं आहे' असं सरळ गणित वनस्पतींत चालत नाही.

वैद्य बडबडे (११ सप्टेंबर, ९:५५)

आणि सूचीत आहे म्हणजे तिथलं आहे, हे चालतं?

विदूषक (११ सप्टेंबर, ९:५६)

🍿

पेडण्याचो (११ सप्टेंबर, दुपारी १२:४०)

यात थोडी भर. केरळात डच अधिकारी व्हॅन ऱ्हीडने 'होर्तुस मलाबारिकुस' हे मलबारच्या वनस्पतींचं पुस्तक करून घेतलं, १६७८ ते १६९३, बारा खंड. त्यात माका त्याच्या मलयाळी नावाने आहे, चित्रासकट. म्हणजे तेव्हा तो मलबारात चांगला रुळलेला आणि वैद्यांच्या वापरातला होता. बाहेरून आला असेल तर त्याच्या बराच आधी आला.

आणि आम्हा कोंकणी लोकांना अभिमानाची गोष्ट: त्या ग्रंथाच्या कामात रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तिघे कोंकणी ब्राह्मण होते, आणि त्यांचं प्रमाणपत्र देवनागरीत छापलंय. आमच्याकडे याला माको म्हणतात. खाजनाच्या (खाडीकाठच्या खाऱ्या शेताच्या) कडेलाही होतो, थोडा खारटपणा चालतो त्याला.

बोअर बॉटनी (११ सप्टेंबर, १:१५)

उत्तम भर. माझा मुद्दा मागे घेत नाही, पण आवाज खाली घेतो.

गोधडी (११ सप्टेंबर, संध्याकाळी ५:३०)

काळ्या रसावरून आठवलं. माझ्या पणजीच्या हातावर तुळशीवृंदावन गोंदलेलं होतं. ती सांगायची, गोंदणारी बाई सुया टोचून झाल्या की वर माक्याचा पाला चोळायची, त्याने निळं-काळं उठायचं. आम्हाला वाटायचं म्हातारी काहीही सांगते. काल शेताडींची 'बोटं काळी' वाचली आणि अंगावर काटा आला. तिचा हात शेवटपर्यंत तसाच होता, कातडी सुरकुतली पण तुळस दिसायची.

बोअर बॉटनी (११ सप्टेंबर, ५:५२)

पणजी खरं सांगत होती. इंग्रजी अमदानीतल्या वनौषधींच्या पुस्तकांतही ही रीत नोंदलेली आहे. चिनी लोक वाळवलेला माका औषधात वापरतात, त्यांच्या नावातलं पहिलं अक्षरही 'शाई'चं.

मुदपाकखाना (१२ सप्टेंबर, सकाळी १०:४५)

तेलावर कुणी नीट लिहिलंच नाही, म्हणून मी. प्रमाण असं: तेल एक वाटी, माक्याचा रस चार वाट्या, वाटलेला पाला पाव वाटी. कोकणात खोबरेल, देशावर तिळाचं. मंद आच. पाणी पूर्ण आटलं पाहिजे, नाहीतर तेल आठ दिवसांत खवट.

झालं कधी हे ओळखायचं: गाळ बोटांत घेऊन वळला की वातीसारखा वळतो. ती वात ज्योतीवर धरली की चरचर आवाज येत नाही. आणि तेलावर फेस येतो. (तुपाचं उलटं, तुपात फेस बसला की झालं.)

आता न विचारलेला अनुभव. पहिल्या वेळी मी हुशारी करून आधी तेल कडकडीत तापवलं आणि धुतलेला ओला पाला वरून टाकला. तेल ओट्यावर, भिंतीवर आणि छतावर. छतावरचे हिरवे ठिपके पाहून घरमालकाने विचारलं, "ताई, इथे कुणी पोपट फटाक्याने उडवला का?" रस आणि तेल गारच एकत्र करायचं, मग आच.

टकलूहैवान (१२ सप्टेंबर, १०:५८)

करून बघतो. छताला केस आले तर कळवतो.

सर्पमित्रा (१२ सप्टेंबर, ११:३०)

अवांतर आहे पण लिहिते. आमच्या भागात विंचू-सापावर माक्याचा रस देतात. ब्राझीलमध्ये खुळखुळ्या सापाच्या विषावर माक्याच्या अर्काचा प्रयोग झालाय, तो उंदरांवर. म्हणून कुणी साप चावल्यावर माका शोधत बसू नका. गाडी काढा, रुग्णालय गाठा, प्रतिविष तिथेच मिळतं.

डॉ. नको ते विचारू (१२ सप्टेंबर, ११:३३)

+१००. उंदीर होऊन जन्माला आला असाल तर गोष्ट वेगळी.

गॅलरीतली (१४ सप्टेंबर, दुपारी ४:१०)

मंडळी, अहवाल.

आज सकाळी तिन्हींची एकेक फांदी घेऊन आले. स्वयंपाकघराच्या ओट्यावर पांढऱ्या कागदावर मांडल्या, मोडल्या आणि दूध तापेपर्यंत थांबले. पहिल्याला काही नाही. दुसरीला काही नाही. तिसऱ्याचं मोडलेलं टोक आधी शेवाळी आणि मग शाईचं बोट लागल्यासारखं. मुलाचं भिंग घेऊन नळीच्या पाकळ्याही मोजायचा प्रयत्न केला, सर. चार आहेत असं मी मानून चाललेय.

सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "एवढं मोडत काय बसलीस? फूल गळल्यावर हिरवी वाटी राहते ना, त्यात दाणे कसे बसवल्यासारखे असतात. एवढंसं सूर्यफूल. ते बघायचं." आणि स्वतःच खाली जाऊन पाइपाखालून मूठभर घेऊन आल्या. अबोला संपला. एकादशीला लागेल तेवढा आहे, उरलेल्याचं तेल करायचं म्हणतायत. मुदपाकखाना, तुमची पोस्ट त्यांना वाचून दाखवली. म्हणाल्या, पोपटाचं काय ते पुन्हा वाच.

एक मुळासकट रोप गॅलरीत कुंडीत लावलंय.

शेताडी (१४ सप्टेंबर, ४:३५)

म्हातारीचं बरोबर. हिरव्या वाटीत दाणे, बरोब्बर.

बोअर बॉटनी (१४ सप्टेंबर, ५:००)

ही खूण मी तीस वर्षांत फळ्यावर लिहिली नाही, याची लाज वाटतेय. त्या वाटीतला एकेक दाणा म्हणजे एकेक फळ, आत एकच बी. कडेच्या फुलांची फळं तिधारी, मधल्यांची चौधारी, वर खडबडीत फोड. सासूबाईंना नमस्कार सांगा.

गॅलरीतली (११ जानेवारी, सकाळी १०:०५)

धागा वर काढतेय, माफ करा. कुंडीतला माका वाळला. पूर्ण. पाणी रोज घालत होते, उलट जास्तच, इतकं की खालच्या मजल्यावरच्या काकू दोनदा वर येऊन ओरडून गेल्या. सासूबाई काही बोलत नाहीत, पण बघतात. मी मारला का?

बोअर बॉटनी (११ जानेवारी, १०:४०)

नाही हो. वर्षायू झाड आहे. उगवायचं, फुलायचं, बी टाकायचं, जायचं. सतत ओल आणि ऊब मिळाली तर रेंगाळतो, पण मुळात त्याचा हिशेब एका हंगामाचा. वाळकी काडी उपटून टाका, माती तशीच ठेवा. उकरू नका आणि वर नवी माती घालू नका: याच्या बीला उगवायला उजेड लागतो, खोल गाडलं गेलं तर बसून राहतं. पावसाळ्यात बघा.

शेताडी (११ जानेवारी, दुपारी १२:१५)

मेला नाय, पेरला गेलाय.

गॅलरीतली (२८ जून, संध्याकाळी ७:२०)

उगवला!

पण माझ्या कुंडीत नाही. माझ्या कुंडीत गवताची दोन पाती आणि एक गोगलगाय. आज खालच्या काकूंनी हाक मारली, "तुमच्या पाण्यातून काय काय येतं बघा जरा." त्यांच्या तुळशीच्या कुंडीत, बरोबर माझ्या कुंडीच्या भोकाखाली, सात-आठ रोपं. समोरासमोर पानं, खरखरीत. एक मोडून बघितलं, उभ्याउभ्याच.

बोअर बॉटनी (२८ जून, ७:४५)

छत्री नाही म्हटलं होतं ना. तो पाण्यानेच प्रवास करतो.

विदूषक (२८ जून, ७:४६)

काकूंना म्हणावं भाडं नंतर देतो.

गॅलरीतली (२८ जून, ८:३०)

काकू उपटणार होत्या. सासूबाई स्वतः खाली गेल्या आणि अर्धा तास झाला, अजून वर आलेल्या नाहीत. हिरव्या वाटीतल्या दाण्यांचं ऐकू येतंय जिन्यातून.